पहिला आरपीजी डाव कसा चालवायचा: कोल्हापुरातल्या नव्या गेम मास्टरसाठी

टेबलटॉप आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) म्हणजे टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ. चार-पाच जण जमतात. त्यातला एक गेम मास्टर होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली, की फासे टाकायचे. पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तिथून हा प्रकार रुजला. आजही बहुतेकांची ओळख त्याच खेळापासून होते.

आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच अडतं. मोबाईलवर कुणाचा तरी डाव बघून हौस येते, मग तीनशेवर पानांचं इंग्रजी नियमपुस्तक समोर येतं. त्यातलं जग परक्या सरायांचं आणि परक्या किल्ल्यांचं असतं. पहिल्यांदा खेळणाऱ्या पोराला त्या सरायीत शिरल्यावर काय करायचं असतं हेच ठाऊक नसतं, म्हणून तो गप्प बसतो. दोन अनुभवी मित्र बोलत राहतात आणि बाकीचे चहा पितात. त्याच पोराला सांगा, ‘तू गडाच्या दरवाज्यात उभा आहेस, धुकं आहे, पायऱ्यांना शेवाळ आलंय, आतून कुणाचा तरी खोकला ऐकू येतो.’ तो लगेच बोलायला लागतो, कारण पावसाळ्यात पन्हाळ्याला जाऊन आलेल्या माणसाला ती पायरी पायाला आठवते.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, की पहिला डाव आपल्या बोलीत, पायाखालच्या जागेत आणि एका पानात मावतील एवढ्याच नियमांत चालवावा. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

माणसं, जागा, वेळ

तीन किंवा चार खेळाडू घ्या. दोघांत बोलणं आटतं. सहा जण झाले की प्रत्येकाची पाळी येईपर्यंत मोबाईल हातात येतो. सगळे नवखे असले तरी बिघडत नाही, उलट बरंच. मिसळीच्या टेबलावर गप्पा रंगवणारा एखादा मित्र किंवा पुढे काय झालं असेल याचे अंदाज बांधणारी बहीण असेल, तर तिथूनच सुरुवात करा.

जागा घरचीच बरी. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी बसायची कल्पना छान वाटते, पण वारा कागद उडवतो, फासे गवतात जातात आणि ओळखीचं कुणी ना कुणी येऊन उभं राहतं. हॉटेलात टेबल अडवून तीन तास बसणं अवघड. हिवाळ्यात गच्ची चालते, फक्त उजेडाची सोय बघा.

वेळ अडीच ते तीन तास धरा. रविवारी दुपारी जेवणानंतर बसलेला डाव सहसा पार पडतो. तारीख ठरवताना फुटबॉलचं वेळापत्रक नक्की बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असेल त्या दिवशी पेठेतली पोरं तुमच्या टेबलावर येणार नाहीत, आणि आली तरी कान तिकडेच असतील. गणपतीचे दिवसही टाळा. तांबडा-पांढरा खेळाआधी होऊन जाऊ द्या, डावात भडंगाची वाटी आणि चमचे ठेवा. तिखटाची बोटं कागदाला लागली की पात्राचे आकडे वाचता येत नाहीत.

एका पानाचे नियम

लुडोच्या किंवा व्यापाराच्या डब्यातले दोन साधे, सहा बाजूंचे फासे काढा. एवढंच सामान लागतं. प्रत्येक पात्राला चार गुण असतात: ताकद, चपळाई, अक्कल आणि बोलणं. त्यांना +२, +१, ० आणि −१ हे आकडे वाटून द्यायचे. काही अवघड करायचं असेल तेव्हा दोन्ही फासे टाका, बेरीज करा, लागू पडेल तो गुण मिळवा. दहा किंवा जास्त आलं तर काम फत्ते. सात ते नऊ आलं तर काम होतं, पण किंमत मोजावी लागते. सहा किंवा कमी आलं तर प्रसंग बिघडतो आणि कसा बिघडतो ते गेम मास्टर सांगतो.

ही तीन पायऱ्यांची रीत २०१० साली आलेल्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या खेळातून पसरली. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर हे त्याचे कर्ते. नवख्यांसाठी ती उत्तम का, हे आकड्यांत दिसतं. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. गुण शून्य असेल तर त्यातल्या १५ जोड्यांत काम बिघडतं, १५ जोड्यांत किंमत मोजून होतं आणि ६ जोड्यांत निर्वेध होतं. गुण +२ असेल तर हेच आकडे ६, १५ आणि १५ होतात. म्हणजे पैलवानाची ताकद जाणवते, पण मधला ‘होतं, पण…’ हा भाग तसाच भक्कम राहतो. डावातली सगळी गंमत त्या मधल्या भागातून येते.

मार मोजायला एकच नियम. प्रत्येक पात्र दोन फटके सोसतं, तिसऱ्याला ते त्या प्रसंगापुरतं आडवं होतं. पहिल्या डावात कुणाचं पात्र मारू नका. तासभर जीव लावून उभं केलेलं पात्र फाशाच्या एका फेकीने गेलं, तर तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

प्रसंग रचा, गोष्ट रचू नका

नवा गेम मास्टर रात्री बसून कथा लिहितो: आधी हे गावात येतील, मग म्हातारा त्यांना नकाशा देईल, मग गुहेत जातील. खेळाडू म्हाताऱ्याशी बोलतच नाहीत आणि वही बाद होते. त्यांनी काय करावं हे लिहूच नका. वगनाट्यात कथानक ठरलेलं असायचं आणि संवाद त्या त्या रात्री उभे राहायचे. इथे त्याच्याही पुढे जायचं आहे, इथे शेवटसुद्धा ठरलेला नसतो. तुमच्याकडे हव्यात तीन जागा, तीन माणसं, एक अडचण आणि कुणी हात लावला नाही तर ती अडचण रोज कशी वाढत जाईल याचा हिशेब.

एक तयार प्रसंग देतो, तसाच वापरला तरी चालेल. सावळगड नावाचा कल्पित गड, काळ जुना, राजाचं नाव घ्यायचं नाही. मृगाचा पाऊस लागलाय. गडावरचा कोठारवाला दोन दिवस दिसलेला नाही, कोठाराची किल्लीही गायब आहे. रात्री विहिरीतून आवाज येतात म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत.

जागा तीन. पहिली दरवाजा, जिथे पहारा आहे. दुसरी धान्याचं कोठार. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या पाहिलेल्याला त्या जाड भिंती आणि आतला अंधार वेगळा सांगावा लागत नाही. तिसरी विहीर, पन्हाळ्याच्या अंधारबावेसारखी तीन मजली, खाली उतरत जाणारी. माणसं तीन. किल्लेदाराला ही बातमी गडाखाली जाऊ द्यायची नाही. कोठारवाल्याच्या मुलीला बाप हवाय. विहिरीवर पाणी भरणाऱ्या आजीला बरंच माहीत आहे, पण ती कुणावर विश्वास ठेवत नाही.

खरं काय घडलंय, ते फक्त तुम्हाला माहीत. किल्लेदाराने धान्य परस्पर विकलं आणि पोत्यांत वाळू भरली. कोठारवाल्याच्या ते लक्षात आलं. तो हिशेबाचं फाडलेलं पान घेऊन विहिरीच्या खालच्या मजल्यावर लपलाय. आता दिवसांचा हिशेब. पहिल्या रात्री गडाची वाट खचते. दुसऱ्या रात्री उपाशी लोक कोठारापुढे जमतात. तिसऱ्या रात्री किल्लेदाराची माणसं वाळूची पोती कड्यावरून ढकलून देतात आणि पुरावा संपतो.

जी गोष्ट कळल्याशिवाय डाव पुढे सरकणार नाही, तिच्याकडे जाणाऱ्या किमान तीन खुणा पेरा. इथे पोत्याच्या शिवणीतून वाळू गळते, मुलीकडच्या वहीतलं एक पान फाटलेलं आहे आणि आजी दिवसाआड दोन भाकऱ्या दोरीने विहिरीत सोडते. खेळाडू एक खूण बघणारही नाहीत, दुसरीचा उलटा अर्थ लावतील, तिसरी हाताला लागेल. एकच खूण ठेवली आणि ती हुकली, की अख्खं टेबल तुमच्या तोंडाकडे बघत बसतं.

मग ते कुठूनही येवोत. कुणी आजीला बोलतं करेल, कुणी रात्री दोर लावून उतरेल, कुणी थेट किल्लेदाराच्या वाड्यात जाऊन जाब विचारेल. तुम्ही न ठरवलेलं काहीतरी ते करतीलच. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: समोरच्या माणसाला काय हवंय, आणि हे कळल्यावर तो काय करेल? उत्तर आपोआप येतं, कारण माणसांच्या गरजा तुम्ही आधीच लिहून ठेवल्या आहेत.

एक गोष्ट मनापासून सांगतो. १६६० च्या जुलैत भर पावसात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, हा प्रसंग इथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. पाऊस, चिखल, अंधार आणि गड एकत्र आले म्हणजे काय होतं, हे तुमच्या खेळाडूंच्या रक्तात आहे. त्याचा उपयोग जरूर करा. पण महाराजांना, बाजीप्रभूंना किंवा शिवा काशिदांना पात्र करून त्यांच्या वतीने फासे टाकू नका. ज्या माणसांबद्दल मनात आदर आहे, त्यांचा पराक्रम फाशावर ठेवायचा नसतो. अंबाबाई आणि जोतिबाच्या बाबतीतही हेच. गड कल्पित ठेवला की हा प्रश्नच उरत नाही.

पात्रांची कार्डं

पात्र घडवण्यात पहिला तास घालवू नका. पाच कार्डं आधीच लिहून न्या आणि ज्याला जे आवडेल ते उचलू द्या. तालमीतला पैलवान, वाटाड्या, वैदू, शाहीर, लोहार. पैलवानाची ताकद +२, शाहिराचं बोलणं +२, वाटाड्याची चपळाई +२, बाकी आकडे तुमच्या मनाने. प्रत्येक कार्डावर दोन वस्तू लिहा, उदाहरणार्थ वैदूकडे औषधांची पिशवी आणि कंदील. पुरुषाचं कार्ड, बाईचं कार्ड असा भेद ठेवू नका. लोहार बाई असली तर डावाला रंगच चढतो.

कार्डाच्या खाली एक प्रश्न लिहा: ‘सावळगडावर तुझं कोण आहे?’ उत्तर खेळाडूने द्यायचं. कुणी म्हणेल कोठारवाला माझा मामा, कुणी म्हणेल पहारेकऱ्याकडून माझे पैसे येणं आहेत. ते तिथल्या तिथे वहीत टिपा आणि खरं धरा. या एका प्रश्नाने पात्रं गडाशी बांधली जातात, आणि ‘आम्ही या भानगडीत का पडू?’ हा सवाल उरत नाही.

फासे टाकण्याआधी

पहिली दहा मिनिटं मोकळेपणाने बोलून घ्या. डाव गंभीर की हलकाफुलका? कुठले विषय नकोत? टेबलावर चुलत भाऊ, वहिनी, ऑफिसातला मित्र असे एकत्र असतील तर हे फार गरजेचं असतं. जातीवरून शिवीगाळ, बायकांवरचे अत्याचार, लहान मुलांचे हाल, हे माझ्या टेबलावर येत नाही आणि ते मी आधीच सांगतो. शिवाय एका कागदावर मोठी फुली काढून टेबलाच्या मधोमध ठेवा. जॉन स्टाव्हरोपोलस या अमेरिकी खेळरचनाकाराने ही रीत मांडली, तिला एक्स-कार्ड म्हणतात. कुणालाही काही नकोसं वाटलं तर त्याने कागदाला बोट लावायचं. तो भाग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

टेबलावर

प्रसंग तीन-चार वाक्यांत सांगा. काय दिसतं, काय ऐकू येतं, कशाचा वास येतो, आणि शेवटी ‘तुम्ही काय करता?’ एवढं विचारून थांबा. पहिल्या वेळी शांतता पसरेल. ती भरून काढू नका. कुणीतरी बोलेल, आणि पहिलं वाक्य खेळाडूच्या तोंडून आलं की डाव त्यांचा होतो. तरी कुणी बोललंच नाही, तर कार्डावरच्या नावाने विचारा: ‘वाटाड्या, तू या गडावर आधी आलायस. तुझं लक्ष कुठं जातं?’

साधारण असं चालतं:

‘पाऊस जरा उघडलाय. विहिरीच्या काठावर आजी बसलीय. हातात दोरी, दोरीला फडक्यात बांधलेलं काहीतरी. तुम्हाला बघून ती फडकं पदराखाली घेते. काय करता?’

शाहीर: ‘मी जवळ जाऊन बसतो. काय आज्जी, एवढ्या पावसात भाकरी कुणासाठी गं?’

‘ती म्हणते, माझीच हाय. तुला रं कशाला चौकशा?’

शाहीर: ‘खोटं बोलतीय ती. तिचा विश्वास बसंल असं बोलतो.’

‘काय बोलतोस, ते सांग की.’

शाहीर: ‘म्हणतो, आज्जी, कोठारवाला माझा मामा हाय. त्यो जिता हाय एवढं तरी सांग.’

‘टाक फासे, बोलणं मिळव.’

पाच आणि एक, सहा. त्यात +२, म्हणजे आठ.

‘आजीच्या डोळ्यात पाणी येतं. ती खाली बोट दाखवते आणि म्हणते, जिता हाय. पण तुम्ही बोलत होता तेव्हा दरवाज्यातल्या पहारेकऱ्यानं ते बोट बघितलंय. तो वाड्याकडे पळत सुटलाय.’

यात तीन गोष्टी आहेत, आणि गेम मास्टरचं निम्मं काम त्यातच येतं. पहिली: फासे टाकण्याआधी काय बोलतोस हे विचारलं, म्हणून आकड्याला अर्थ आला. दुसरी: शाहिराने मामाचं नातं स्वतः बनवलं होतं, ते आता कामी आलं. तिसरी: आठ आले, म्हणून त्याला हवं ते मिळालं आणि किंमत वेगळी पडली. ही किंमत सुचत नसेल तर पाच गोष्टी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: वेळ गेला, आवाज झाला, वस्तू हरवली, कुणीतरी बघितलं, उपकाराचं ओझं झालं. त्यातली एक उचलायची. अपयश आलं तरी ‘काही घडत नाही’ असं कधी म्हणू नका. कुलूप उघडलं नाही तर आतून कुणीतरी कडी काढतं, आणि तो किल्लेदाराचा माणूस असतो.

प्रत्येक गोष्टीला फासे नकोत. दार ढकलायचंय, पायऱ्या उतरायच्यात, ओळखीच्याशी बोलायचंय, तर ‘होतं’ म्हणून पुढे जा. जिथे दोन्ही बाजूंनी काही रंजक घडू शकतं, तिथेच टाका.

एखादा खेळाडू सगळ्यांच्या वतीने बोलू लागतो. त्याला गप्प करू नका, त्याचा उत्साह डावाला हवाच असतो. त्याचं वाक्य घ्या आणि लगेच शेजारच्याकडे वळा: ‘तो दोर बांधतोय. तोवर तू कुठं आहेस?’ नियमाबद्दल वाद झाला तर अर्ध्या मिनिटात निकाल द्या, आजपुरता तोच नियम, बाकीचं डाव संपल्यावर बघू म्हणा. टोळी फुटली तर एकाचा प्रसंग ऐन रंगात सोडून दुसऱ्याकडे जा. बाकीचे कान टवकारून ऐकतात.

आवाज काढून अभिनय करता आलाच पाहिजे असं नाही. प्रत्येक माणसाला एक सवय द्या. किल्लेदार सारखा मिशीला पीळ देतो, आजी प्रत्येक प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देते. आणि बोला तसंच, जसं पेठेत बोलता. पुस्तकी मराठीत बोलणारा पहारेकरी समोर आला की खेळाडूही सावरून बसतात.

मारामारी

कोल्हापूरच्या टेबलावर मारामारी होणारच, खासबागच्या मैदानाचा वारसा आहे. ती आटोपशीर ठेवा. सुरू होण्याआधी प्रत्येक बाजूला काय साधायचंय ते ठरवा: पहारेकऱ्याला फक्त हाक मारून मदत बोलवायची आहे, खेळाडूंना त्याला गप्प करायचंय. हेतू साधला की कुस्ती संपली. ‘मी मारतो’ एवढ्यावर फासे देऊ नका. कुठला डाव टाकतोस, धोबीपछाड की ढाक, ते विचारा. पैलवानाचं कार्ड घेतलेला माणूस त्या प्रश्नाने खुलतो. समोरची माणसंही जिवाला भिणारी असू द्या. बहुतेक जण एक फटका खाऊन पळतात किंवा हात जोडतात.

पुढच्या डावांकडे

शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल, फक्त चांगल्या वळणावर थांबवा. मग प्रत्येकाला विचारा, कुठला क्षण आवडला आणि कुठे कंटाळा आला. उत्तरं लिहून घ्या. माणसं उठायच्या आत पुढची तारीख पक्की करा, कारण नंतर ग्रुपवर ठरवू म्हटलेला डाव सहसा होत नाही.

दोन-तीन डाव झाले आणि टोळीला आणखी बारकावे हवेसे वाटले, की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीकडे वळता येतं. तिथे सात फाशांचा संच लागतो: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक, आणि दहा बाजूंचे दोन. फाशांचं ॲप मोबाईलवर घेतलं तरी भागतं. मूळ रीत सोपी आहे: वीस बाजूंचा फासा टाका, गुणाचा फरक मिळवा आणि गेम मास्टरने धरलेला आकडा गाठा. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. गुण १० असेल तर फरक शून्य, पुढच्या दर दोनला एक वाढतो, म्हणजे १६ ला +३. फरक +३ असताना १५ गाठायचे असतील तर फाशावर १२ किंवा जास्त यावे लागतात, म्हणजे २० पैकी ९ वेळा यश. इथे मधली पायरी नसते, तेव्हा ‘होतं, पण…’ ही सवय तुम्ही स्वतःहून चालू ठेवा. थोडक्यात हुकलं तर किंमत घेऊन काम होऊ द्या.

या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. मूळ कर्त्यांचा उल्लेख परवान्यात सांगितल्याप्रमाणे केला, की ते मराठीत आणून वाटायलाही मोकळीक आहे. टोळीत कुणाचं इंग्रजी चांगलं असेल तर त्याला आधी लढाईचं प्रकरण मराठीत उतरवायला सांगा. टेबलावर सगळ्यात जास्त शोधाशोध त्याच पानांची होते.